टेकलेली बॅट

शनिवारी दुपारी एकची घंटा झाली, मोजे विणायची यंत्रं थांबली आणि ईनक विडोसन घरी न जाता तडक मैदानावर गेला. हातात गवत कापायची कात्री, खिशात पाव आणि चीजचा तुकडा. एकोणीस वर्षं त्याचा हा शनिवारचा नेम कधी चुकला नव्हता. उत्तर-दक्षिणेच्या लढाईची चार वर्षं मैदानात खेळायला माणसंच उरली नव्हती, तरी हा पठ्ठ्या एकटा लोखंडी रूळ ओढत असे. गिरणीतले लोक म्हणत, ईनकच्या बायका दोन. एक घरात, दुसरी ओढ्याकाठी, आणि ओढ्याकाठची जास्त लाडकी.

ही ओढ्याकाठची म्हणजे बावीस यार्डांची क्रिकेटची खेळपट्टी. सव्विसाव्या वर्षी नॉटिंगहॅमहून बोटीत बसून तो फिलाडेल्फियाच्या वरच्या अंगाला या गिरणीत आला, तेव्हा इथे नुसते दगड आणि काटेरी झुडपं होती. दगड त्याने वेचले, माती त्याने चाळली, गवत त्याने पेरलं. त्यावर डुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणही त्यानेच घातलं. त्या पट्टीवर चेंडू असा सरळ यायचा की शहरातल्या बड्या क्लबांचे लोकही वाकून गवताला हात लावून बघत. त्या दिवशी ईनकची छाती दोन बोटं वर येई, आणि ती आठवडाभर खाली जात नसे.

तर त्या शनिवारी तो कुंपणाचं फाटक उघडून आत गेला आणि जागच्या जागी थिजला.

गोलंदाज एमस स्टबिंग्जचा चेंडू जिथे टप्पा घ्यायचा, नेमकं तिथलं गवत उकरून जेवणाच्या ताटाएवढी एक गोल लोखंडी चकती जमिनीत रोवलेली होती. वर पांढरा रंग. ईनकला आधी वाटलं, कोणीतरी मेलेलं कुत्रं पुरून वर खूण केली असावी. मग त्याने पाहिलं, तिथून चारी बाजूंना पावलांनी गवत तुडवलेलं होतं आणि लांबवर वाळू भरलेल्या कापडी पिशव्या पडल्या होत्या, एक, दोन, तीन. त्याच्या हातातली कात्री खाली पडली. ओढ्याकडे सात-आठ जण चेंडू फेकत उभे होते. त्यांच्याकडे तो गेला तो धावतच.

"कोणी केलं हे? कोणाचे हात झडले?"

कॉन गेरॅटी नावाचा आयरिश रंगारी आकाशाकडे पाहू लागला. मग घोळक्याच्या मागून एक जण लंगडत पुढे आला. तो ईनकचा मुलगा लूथर होता.

"मी केलं, बाबा."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते ईनकला त्या क्षणी कळलं. या पोराच्या हातात त्याने तिसऱ्या वर्षी बॅट दिली होती. त्याच पट्टीवर, त्याच जागी.

"तू?"

"सगळ्या मैदानात सपाट जागा तेवढी एकच आहे. मारणारा उभा राहतो तिथे पाय घसरायला नको, म्हणून."

"पाय घसरायला नको म्हणून एकोणीस वर्षं रूळ ओढला होय मी? तुमच्या त्या... त्या बेसबॉलसाठी?"

हा शब्द त्याने असा उच्चारला, जसा एखादा दाताखाली आलेला खडा थुंकून टाकावा.

*

लूथर लढाईवरून परत आला होता तो गुडघ्यात गोळी आणि डोक्यात हा खेळ घेऊन. तो एकटाच नव्हे, गावातली सगळी परतलेली पोरं तोच रोग घेऊन आली होती. छावण्यांतून चिखलात, रस्त्यावर, कापणी झालेल्या शेतात ती हा खेळ खेळली होती. ईनकला वाटलं होतं, गोवर येतो आणि जातो तसं हेही जाईल.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर उकडलेलं मटण आणि सलगम होतं. कोणी जेवत नव्हतं. केझाया, ईनकची बायको, दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

"त्यात काय आहे असं?" शेवटी ईनकने विचारलं. "आमच्या गावी हा खेळ पोरी खेळतात. परकर सावरत. राउंडर्स म्हणतात त्याला."

"मी पण खेळलेय," केझाया म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरी पळायचे."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मटण मी शिजवलंय, मध्ये बोलणार."

लूथर काट्याने सलगम टोचत म्हणाला, "बाबा, तुमची मॅच दोन दिवस चालते. आम्हाला तिकडे उद्याचा दिवस उजाडेल की नाही हेच माहीत नसायचं. दोन दिवसांचा खेळ कोण सुरू करणार? दोन तासांत कोण जिंकलं ते कळायचं. जिंकून मरायला तरी बरं."

ईनक जास्तच चिडला.

सोमवारी दोन्हीकडचे लोक गिरणीच्या मालकापुढे उभे राहिले. हाल्डेमनसाहेब जर्मन वळणाचा, थोडक्यात बोलणारा माणूस. मैदान त्याचं होतं.

"मला खेळातलं काही कळत नाही, मला घड्याळातलं कळतं," तो म्हणाला. "शनिवारी दुपारी तुम्ही एकला सुटता. अंधार सातला पडतो. रविवारी देवाचा दिवस. विडोसन, तुमची शेवटची मॅच पुरी कधी झाली होती?"

ईनक आठवू लागला. त्याला आठवायला इतका वेळ लागला की कॉन गेरॅटीला खोकल्याची उबळ आली.

"मैदान एक आहे, खेळ एकच राहील. आपसात खेळून ठरवा. जिंकेल त्याचं मैदान. बरोबरी झाली तर आहे तसं, क्रिकेटकडेच राहील."

"मंजूर," ईनक म्हणाला. "येत्या शनिवारी क्रिकेटची मॅच..."

"शनिवारी संपेल ती?"

आणि इथे क्रिकेटवाल्यांची खरी पंचाईत झाली. क्रिकेट वाचवायला जी मॅच खेळायची, ती क्रिकेटची खेळली तर संपणारच नाही. एमस स्टबिंग्ज, गिरणीतला सगळ्यात तेज गोलंदाज, मिशीला पीळ देत म्हणाला, "मग यांचाच खेळ खेळू की! पोरींचा खेळ तो. आपण अकरातले कोणतेही नऊ उतरलो तरी यांना लोळवू."

ईनकनेही मान डोलावली. घमेंड माणसाला आंधळं करते म्हणतात. तिने त्याला बहिरंही केलं होतं, ते पुढे कळलं.

राहिला पंच. बेसबॉलवाले म्हणाले, तुमचा पंच नको. क्रिकेटवाले म्हणाले, तुमचा नको. तेव्हा ईनकच बोलला, "लूथरला करा. गुडघ्यामुळे तो खेळू शकत नाही."

"बापाच्या बाजूने देईल!" एक जण ओरडला.

"त्यांच्या बाजूने देईल, चकती त्यानेच रोवली!" दुसऱ्या बाजूचा ओरडला.

"म्हणूनच," ईनक म्हणाला. "मी शिकवलंय त्याला. पंचाला बाप नसतो."

*

शुक्रवारी संध्याकाळी लूथर टेबलावर बटणं मांडून बसला. "बाबा, दोन्ही बाजूंना सांगणं माझं काम आहे. बाकीच्यांना सांगून झालं, तुम्हीच राहिलात. चेंडू मारला की पळावंच लागतं. तिन्ही पिशव्यांना शिवून परत चकतीवर पोचलं की एक धाव. आणि बॅट तिथेच टाकून पळायचं."

"बॅट टाकून?" ईनक हसला. "लढाईत बंदूक टाकून पळत होतास का?"

"बेसला, म्हणजे पिशवीला नाहीतर चकतीला, अंग लागलं पाहिजे. हात किंवा पाय. हे नीट..."

"मी पस्तीस वर्षं खेळतोय. पळायचं कसं हे मला माझ्या पोराने शिकवायचं?" आणि तो उठून बूट पुसायला गेला. लूथरने बटणं गोळा करून डब्यात टाकली.

शनिवारी सगळा गाव लोटला. ईनकला पहिला धक्का बसला तो तिथेच. त्याच्या क्रिकेटला बघे म्हणजे दोन म्हातारे आणि खेळाडूंच्या बायका. इथे रंगारी, कोष्टी, लोहार, पाद्रीबुवासुद्धा. पाद्रीबुवा पिंपावर चढून उभे होते.

सुरुवातीला हसू झालं ते क्रिकेटवाल्यांचंच. एमसने एक झकास फटका मारला, चेंडू सरळ समोरच्याकडे गेला, आणि एमस बॅटवर रेलून ऐटीत उभा राहिला.

"अहो पळा!" चारी बाजूंनी ओरडा झाला.

"कशाला? यात धाव नाही," एमस म्हणाला.

तेवढ्यात चेंडू पहिल्या पिशवीवर पोचला. "आउट," लूथर म्हणाला.

"आउट? अरे, मी जागचा हललोसुद्धा नाही!"

"म्हणूनच आउट, स्टबिंग्जकाका."

पण हळूहळू या नऊ जणांना सूर गवसला. उघड्या हातांनी चेंडू झेलणं त्यांना जन्मापासून येत होतं. एमसने दोन असे झेल घेतले की विरुद्ध बाजूनेही टोप्या उडवल्या. धावा चढत गेल्या. ईनक चार वेळा बॅट घेऊनच पळाला, चारही वेळा चेंडू लांब होता, म्हणून कोणी काही बोललं नाही. कॉन गेरॅटी, जो मारणाऱ्याच्या मागे चेंडू अडवायला उभा असे, तो एवढंच म्हणाला, "विडोसनकाका, ती काठी घरी विसराल म्हणून बरोबर घेता का?"

"तुझ्यासारख्यांना हाणायला लागते," ईनक म्हणाला, आणि लोक हसले.

साडेपाचला शेवटचा डाव आला. बेसबॉलवाले सत्तावीस, क्रिकेटवाले सव्वीस. दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास. मारायला आला ईनक. एक धाव हवी होती. एका धावेने बरोबरी, बरोबरीने मैदान, मैदानाबरोबर त्याची एकोणीस वर्षं. तो चकतीपाशी उभा राहिला. पायाखाली त्याचंच गवत होतं. त्याने बुटाच्या टोकाने ते किंचित दाबलं.

चेंडू कमरेखालून फेकलेला आला, संथ, गुबगुबीत. ईनकने तो असा फोडून काढला की तो ओढ्याकडच्या उंच गवतात जाऊन पडला.

आणि तो पळाला. पहिली पिशवी, दुसरी. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दिवसभर यंत्रापुढे बसणारा, पण पाय असे चालले होते की त्याचं त्यालाच नवल वाटलं. लोक किंचाळत होते. क्रिकेटमध्ये लोक टाळ्या वाजवतात. इथे लोकांची आतडी बाहेर यायची बाकी होती. "टाका! टाका!" असं काहीसं ओरडत होते. ईनकला वाटलं, गवतातल्या माणसाला चेंडू टाकायला सांगताहेत. तिसरी पिशवी. मग त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की चेंडू निघाला आहे, आणि कॉन गेरॅटी हात पसरून उभा आहे.

मग ईनकने ते केलं जे त्याने आयुष्यात हजारदा केलं होतं, जे त्याच्या बापाने केलं होतं आणि जे त्याच्या गावातलं शेंबडं पोरही झोपेत करेल. तो पुढे झेपावला, हात लांब केला आणि बॅटचं टोक चकतीवर टेकवलं. लोखंडावर लाकूड आपटल्याचा ठण्ण असा आवाज झाला.

पोचला! चेंडू अजून हवेत होता. ईनक गुडघ्यावर बसला, धापा टाकत, तोंडभर हसत, बॅट चकतीवर तशीच धरून. पस्तीस वर्षांत इतका आनंद त्याला झाला नव्हता. त्याने मागे वळून एमसला हात केला.

कॉनच्या हातात चेंडू आला. कॉन क्षणभर बावरला. मग अगदी हलकेच, झोपलेल्याला उठवावं तसा, त्याने चेंडू ईनकच्या खांद्याला लावला आणि लूथरकडे पाहिलं.

सगळ्यांनीच लूथरकडे पाहिलं. पाद्रीबुवा पिंपावरून खाली उतरले.

लूथरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आउट," तो म्हणाला. कोणालाच ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा मोठ्याने म्हटलं, "आउट!"

ईनकचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्याला वाटलं, पोराची चूक झाली. "बॅट टेकली होती रे," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "चेंडूच्या आधी टेकली. आवाज नाही ऐकलास?"

"बॅट टेकली, बाबा. तुम्ही नाही टेकलात."

ईनकने खाली पाहिलं. चकती तिथे, त्याचा गुडघा इथे. मध्ये बॅटची लांबी. आदल्या संध्याकाळची बटणं त्याला दिसली, आणि "टाका, टाका" हा ओरडा काय होता तेही कळलं. जित्याची खोड, दुसरं काय. जी खोड त्याला आजवर वाचवत आली होती, तिनेच दगा दिला होता.

एमस मुठी वळत लूथरच्या अंगावर आला. "पोरा, बापाला? तुझ्या बापाला?"

"एमस, मागे हो!" ईनक ओरडला. उठायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. तो लूथरसमोर उभा राहिला. "नीट पाहिलंस?"

"पाहिलं."

"संशय नाही?"

"नाही."

ईनकने टोपीच्या कडेला बोट लावलं, पंचाला लावतात तसं, आणि बॅट काखेत मारून चालता झाला. फाटक त्याने लावून घेतलं, डुकरं आत येऊ नयेत म्हणून. सवयच होती.

*

रात्रीचं जेवण उजेडातच आटपलं. लूथर म्हणाला, "बाबा, मी तेवढ्यापुरते डोळे मिटले असते तर..."

"तर या घरात पाय ठेवू दिला नसता."

लूथर खाली मान घालून रडला. ईनकने त्याच्या ताटात बटाटा वाढला. त्याला आणखी काय करावं सुचलं नाही. केझाया म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मीठसुद्धा कोणाला वाढलं नाहीस. एक मैदान गेलं, पण नवरा बरा मिळाला म्हणायचा."

पण खरा तडाखा सोमवारी बसला. गिरणीत शिरताना एमस स्टबिंग्ज नजर चुकवू लागला. दुपारी कळलं, एमसने बेसबॉलच्या क्लबात नाव दिलं होतं. एमस! आणि त्याच्याबरोबर आणखी पाच जण. ईनक आ वासून पाहतच राहिला.

"अरे, तू तर त्याच्या अंगावर धावून गेला होतास!"

"तेव्हा रागावलो होतो," एमस मिशी चावत म्हणाला. "पण ईनक, खरं सांगतो, ते दोन झेल घेतले ना, तेव्हा लोक कसे ओरडले! माझ्यासाठी आयुष्यात कोणी ओरडलं नव्हतं रे. माझी बायकोसुद्धा ओरडते ती माझ्यावर."

ईनकला वाटलं, याच्या कानफटात द्यावी. पण त्या दिवशीचा तो कल्लोळ त्याच्याही कानातून गेला नव्हता, आणि हे त्याला कोणाला सांगायचं नव्हतं. स्वतःलाही नाही.

पुढच्या शनिवारी तो फावडं घेऊन मैदानात गेला. पट्टी उखडायचीच आहे तर ती आडदांड पोरं ओरबाडून काढणार. त्यापेक्षा आपल्या हाताने काढू, असं त्याने ठरवलं होतं. हातहात रुंदीच्या गवताच्या वळकट्या करून तो हातगाडीने परसात नेत होता. परस होतं नऊ यार्डांचं. बावीसांतले नऊ मावले, बाकीच्यांचं काय करायचं ते कळेना. केझाया धुणं वाळत घालायला जागा नाही म्हणून कुरकुरत होती, आणि त्या गवतावरून चालताना बूट मात्र काढत होती.

चौथ्या खेपेला तो परतला तेव्हा पोरं खेळत होती. तो चकतीपाशी थांबला. बाजूला बॅट पडली होती.

"विडोसनकाका, एक मारून बघता?" कॉनने विचारलं. या वेळी थट्टा नव्हती.

"मला काम आहे."

"एकच."

नाही म्हणायला ईनकने तोंड उघडलं, आणि बॅट हातात घेतली. चेंडू आला. त्याने मारला. चेंडू दोघांच्या मधून सुसाट गेला आणि ईनकचे पाय, त्याला न विचारता, सुटले. पहिल्या पिशवीवर त्याचा बूट पडला तेव्हा चेंडू अजून गवतात कोणीतरी शोधत होतं. पोरं ओरडत होती, एमस सगळ्यात मोठ्याने. ईनक धापा टाकत हसत होता.

मग घाम पुसायला त्याने हात वर केले आणि तो दचकला. दोन्ही हात रिकामे होते. त्याने तळवे उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मागे, तीस यार्डांवर, पांढऱ्या चकतीशेजारी बॅट मातीत आडवी पडली होती. लूथर तिच्यापाशी लंगडत येऊन उभा होता.

"लूथर," ईनकने विचारलं. "ती बॅट... कोणी टाकली?"

लूथरने वाकून बॅट उचलली, तिच्यावरची माती बाहीने पुसली.

"तुम्हीच, बाबा."